किरणोत्सारी आयन-बीम आणि फॅरेडे कप: एक खुलासा

'त्वरकातला किरणोत्सारी आयन-बीम फॅरेडे कपावर विद्युतप्रवाह मोजूनच जुळवतात, वेगळे डिटेक्टर म्हणजे नुसती हौस', असा मेसेज सध्या फिरतोय. त्वरक म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, आयन-बीम म्हणजे विद्युतभारित अणूंचा झोत, फॅरेडे कप म्हणजे तो झोत अडवून त्याचा विद्युतप्रवाह मोजणारी धातूची वाटी, आणि जुळवणं म्हणजे झोत नेमक्या वाटेवर आणणं. हा मेसेज अर्धाच खरा आहे. सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेतल्या आयसोल्डेसारख्या किरणोत्सारी बीमच्या केंद्रांत फॅरेडे कप असतातच. सुरुवातीची जुळवणी बहुधा त्यांच्यावरच होते, पण त्यासाठी आधी जवळपास तेवढ्याच वस्तुमान-प्रभार गुणोत्तराच्या (वस्तुमान भागिले विद्युतभार) स्थिर, म्हणजे किरणोत्सारी नसलेल्या, आयनांचा भरपूर बीम पाठवतात.

खरी अडचण दुर्मिळ समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू), कारण त्यांचे आयन फार थोडे मिळतात. हिशेब कुणालाही करता येईल: एकेरी प्रभाराचे सेकंदाला १००० आयन म्हणजे जेमतेम ०.०००१६ पिकोअँपिअर (अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोअँपिअर). एक पिकोअँपिअर व्हायलाच सेकंदाला सुमारे ६२ लाख आयन लागतात! एवढा क्षीण प्रवाह मीटरच्या गोंगाटात बुडतो. मग आयन एकेक करून मोजावे लागतात. त्यासाठी सिलिकॉन डिटेक्टर किंवा सिंटिलेटर (कण आदळला की चमकणारा पदार्थ) वापरतात, नाहीतर कार्बनच्या पातळ पापुद्र्यातून आयन आरपार जाताना उडालेले इलेक्ट्रॉन मायक्रोचॅनल प्लेटवर (इलेक्ट्रॉनांची संख्या अनेक पटींनी वाढवणारी बारीक छिद्रांची चकती) टिपतात. सिलिकॉनवर चुकून जोरदार बीम पडला तर तो खराब होतो. शिवाय बीम डिटेक्टरमध्येच अडवला, तर थांबलेले आयन तिथेच क्षय पावून खोटी मोजणी वाढवतात. म्हणून काम झालं की डिटेक्टर वाटेतून मागे ओढता यावा लागतो. ही हौस कसली!

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.