देवनागरीत टॅटू काढताय? आधी ‘घ’ आणि ‘ध’ बघा

मनगटावर आईचं नाव, कॉलरबोनखाली ‘निर्भय’, पाठीवर श्लोकाची ओळ. हौस छानच आहे. पण डिझाइन निवडलं जातं ते पिंटरेस्टवरच्या फोटोवरून, आणि तो फोटो बहुतेक वेळा टॅटू काढल्याकाढल्याचा असतो. शाई त्वचेखाली एक-दीड मिलिमीटरवर बसते आणि हळूहळू पसरते. आज केसाएवढी दिसणारी रेघ आठ-दहा वर्षांनी जाडसर होणार, हे धरूनच निवडा. आज्यांच्या हातावरचं गोंदण सत्तरीतही ओळखू येतं, कारण ठिपके ठसठशीत आणि मधली जागा मोकळी.

देवनागरीत हा पसारा जास्त नडतो. ‘घ’ आणि ‘ध’मधला फरक म्हणजे शिरोरेघेतली एवढीशी फट. ती बुजली की ‘मेधा’ची ‘मेघा’ होते. अनुस्वार मात्रेला चिकटतो, ‘क्ष’ची गाठ भरून काळा ठिपका होतो. म्हणून मात्रा-उकार सोडून अक्षराची उंची निदान 8 मिमी ठेवा, जोडाक्षर असेल तर 10 ते 12. एवढी जागा कानामागे किंवा बोटाच्या कडेला मिळत नाही. बोटावरची शाई तशीही लवकर झिजते, सगळीकडे सारखी राहत नाही. तिथे नावाचा हट्ट सोडाच.

दुसरा घोळ कॉम्प्युटरचा. काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये मराठी पेस्ट केलं की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते, जोडाक्षर फुटून पाय मोडलेला दिसतो. आर्टिस्टला लिपी वाचता येत नसेल तर त्याला ते ‘डिझाइन’च वाटतं! शब्द स्वतः कागदावर लिहून न्या आणि शुद्धलेखन पक्कं असलेल्या दोघांना दाखवा (‘आशीर्वाद’मधली ‘शी’ दीर्घ आहे हो). अंगावरचा स्टेन्सिल (सुई लावण्याआधी त्वचेवर उमटवलेला कच्चा आराखडा) आरशात वाचू नका, उलटा दिसतो. मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढून वाचा.

रंगांचं थोडक्यात: गव्हाळ-सावळ्या त्वचेवर पांढरा आणि पिवळा फार टिकून दिसत नाहीत. काळा सगळ्यात भरवशाचा, लेझरने काढायची वेळ आली तरी तोच सोपा. ॲलर्जीच्या तक्रारी लाल रंगाच्या जास्त. जखमेचे व्रण फुगण्याची प्रवृत्ती असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञ.

जागेचा विचार कपड्यांसकट करा. मनगटावर बांगड्या आणि घड्याळ घासतं, खांद्यावर ब्राचा पट्टा. पोटावरचं डिझाइन गरोदरपणात ताणलं जातं, आणि गरोदर असताना टॅटू काढूच नये. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांच्या भरतीची तयारी करणाऱ्यांनी जाहिरातीतली टॅटूची अट आधी वाचावी: जागा आणि आकार दोन्हींवर मर्यादा असते. मुंबईत नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. जूनमध्ये काढून गर्दीच्या लोकलमध्ये ओल्या बाहीखाली ताजी जखम घासत नेण्यात काय अर्थ आहे? आणि दोन-तीन आठवडे पोहणं बंद, जुहूचं पाणी तर नकोच.

सुई नवी, पाकीट तुमच्यासमोर फोडलेली. यावर चर्चा नाही.

स्टेन्सिल लावल्यावर उभं राहा, हात सैल सोडा, मग बघा. टेबलावर सरळ दिसणारी ओळ हात वळला की तिरकी होते. वाकडी वाटली तर स्पिरिटने पुसून पुन्हा लावायला सांगा, तीनदा लागलं तरी. आर्टिस्टने तोंड वाकडं केलं तर करू दे.