अंगावरचा कोट विकला म्हणजे व्यापार झाला का?

सहा वर्षे अंगावर वागवलेला, कोपराशी विरलेला आणि एक बटण बदललेला लोकरीचा कोट मी ऑनलाइन विकला, घेतलेल्या किमतीचा चौथा हिस्साही हाती आला नाही, आणि वर्षअखेरीस त्या ॲपने मला कळवले की आपल्या विक्रीची माहिती कर खात्याकडे पाठवली जाणार आहे. ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घेतल्यापेक्षा कमी किमतीला विकलेल्या स्वतःच्या कपड्यांत नफा नसतो आणि म्हणून सहसा त्यावर आयकरही लागत नाही, हे एक साधे वाक्य त्या लांबलचक पत्रात कुठेही नव्हते. ‘कर सल्लागाराचा सल्ला घ्यावा’ एवढे लिहून त्यांनी हात झटकले. त्या सल्लागाराची फी कोटाच्या पैशांतून तरी भागणार आहे का?

मुळात माहिती कळवण्याची मर्यादा आणि कर लागण्याची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हेच कोणी धडपणे सांगत नाही. युरोपीय संघात २०२३ पासून वर्षाला ३० पेक्षा कमी विक्री आणि २,००० युरोपर्यंतची रक्कम असेल, तर ॲपला विक्रेत्याची माहिती द्यावी लागत नाही. त्यापुढे गेलात म्हणजे कर लागलाच, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. ब्रिटनमधली १,००० पौंडांची सवलत व्यापारातल्या उत्पन्नासाठी आहे, पण घरचे कपाट रिकामे करणारेही तिच्या धास्तीने विक्री थांबवतात. अमेरिकेने तर कहर केला. २०२१ मध्ये माहिती कळवण्याची मर्यादा ६०० डॉलरवर आणली, मग अंमलबजावणी वर्षानुवर्षे पुढे ढकलली आणि २०२५ मध्ये पुन्हा जुन्या २०,००० डॉलर व २०० व्यवहारांवर नेऊन ठेवली. मधली चार वर्षे लोकांनी उगीच जीव मुठीत धरून काढली! शिवाय विक्रीची माहिती कर खात्याला कळवणाऱ्या तिथल्या १०९९-के फॉर्मवर ढोबळ रक्कम छापतात; ॲपचे कमिशन, पार्सलचा खर्च, परत आलेल्या कपड्याचे फेडलेले पैसे, यातले काहीही वजा होत नाही. स्वतःच्या वापराची वस्तू नफ्यात विकली तर कर भरायचा, तोट्यात विकली तर तो तोटा मात्र वजा करता येत नाही, हा कुठला न्याय?

गठ्ठ्याने जुने कपडे घेऊन नफ्यासाठी विकणारा व्यापारीच आहे. त्याने हिशेब ठेवावा, कर भरावा, ग्राहकाला कायद्याने मिळणारा माल परत करण्याचा हक्क द्यावा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याला आणि मला एकाच प्रकारचे पत्र का? तोट्यात विकले हे सिद्ध करायची वेळ आली, तर मूळ खरेदीची पावती मीच दाखवायची. ती शोधायला मी काल दोन खण उपसले. पावती सापडली, कागदावरची छपाई पार उडून गेली आहे, दुकानाचे नाव नाही, तारीख नाही, रक्कम नाही.