गळणारा गॅस पेटलेला असताना तो विझवायचा का नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया कळकळीची आहे, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. गळणारा गॅस पेटला असेल तर ‘जळू द्या’ सांगणं म्हणजे अग्निशमन दलाच्या जवानांना हातावर हात ठेवून बसवणं. सांडलेलं पेट्रोल पाण्याने धुऊन गटारात सोडलं की रस्ता मोकळा होतो, मग फोमचा (आग दाबणाऱ्या फेसाचा) खटाटोप कशाला? हवेतला गॅस मोजणारा मीटर फिरवण्यात दहा मिनिटं जातात, त्यापेक्षा नाक पुरे. आणि चौथा, ‘मीटर शून्य दाखवत असेल तर आत जायला हरकत नाही’ हे माझ्या लेखातलं वाक्य धोक्याचं आहे. पहिले तीन मला मान्य नाहीत. चौथा बरोबर आहे, त्याकडे शेवटी येतो.

पेटलेला गॅस निदान कुठे आहे ते दिसतं. ज्योत विझवली आणि गळती चालूच राहिली, तर तोच गॅस न दिसता पसरायला लागतो. एलपीजीतला प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. दोन्ही जमिनीलगत सरकतात, खड्ड्यात आणि तळघरात उतरतात. एक लिटर द्रव प्रोपेनचा साधारण २७० लिटर गॅस होतो. तो कुठल्या तरी ठिणगीपर्यंत पोचला की आग उलट्या पावली गळतीकडे येते, आणि त्या वाटेत जवान उभे असतात. म्हणून गळती बंद करण्याची सोय हाताशी असल्याशिवाय ज्योत विझवायची नाही.

तोवर काम थांबलेलं नसतं. ज्योत टाकीला चाटत असेल तर कुठे चाटतेय ते आधी पाहायचं. खाली द्रव असतो तिथे उष्णता द्रव ओढून घेतो. वर नुसती वाफ असते तिथे पत्रा तापून मऊ पडतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडलेला असतानाही टाकी फाटू शकते. ५ जुलै १९७३ ला अमेरिकेत अॅरिझोनामधल्या किंगमन गावी प्रोपेनची रेल्वे टाकी अशीच फुटली आणि अग्निशमन दलाचे ११ जवान गेले. ज्योत लागते त्या प्रत्येक जागी मिनिटाला १,९०० लिटरच्या आसपास पाणी लागतं, तेही शक्यतो मॉनिटर (एका जागी बसवलेली पाण्याची तोफ) लावून, माणूस मागे घेऊन. तेवढं पाणी वेळेत मिळणार नसेल तर ती जागा लढवायची नाही, १,६०० मीटरपर्यंतचा परिसर रिकामा करायचा. सेफ्टी व्हॉल्व्हचा आवाज चढत गेला किंवा टाकीचा रंग बदलायला लागला, तर त्याच क्षणी माघार. आणि पाणी त्या व्हॉल्व्हवर मारायचं नाही. तिथे बर्फ धरतो.

व्हॉल्व्ह बंद करायला जायचं ठरलं तर दोन होज लाइन, दोन्ही ब्रँच (होजच्या टोकाचे नोझल) रुंद स्प्रेवर, दोघांचे पाण्याचे पडदे एकमेकांवर चढलेले. मधे टीम लीडर, दोन्ही बाजूंच्या जवानांवर हात ठेवून. पावलं सगळ्यांची एकदम पडतात, कारण एकजण पुढे गेला की पडद्याला फट पडते आणि ज्योत तिथून आत येते. मागे तिसरी लाइन, शक्यतो वेगळ्या पाण्यावर. पडद्याने ज्योत व्हॉल्व्हच्या चाकापासून बाजूला रेटून धरायची, विझवायची नाही. लीडर खाली वाकून चाक फिरवतो, गॅस तुटतो, ज्योत आपोआप बसते. परततानाही तोंड आगीकडे आणि पडदा उघडा. पाठ फिरवून कुणीही चालायचं नाही, काम झाल्यावरसुद्धा.

आता पेट्रोल. ते पाण्याहून हलकं, त्यामुळे धुतल्याने कमी होत नाही, पाण्यावर तरंगत दूर जातं. त्याचा फ्लॅशपॉइंट (वाफ पेटू शकते ते किमान तापमान) उणे ४० अंश सेल्सिअसच्याही खाली आहे, म्हणजे कुठल्याही हवामानात त्याची वाफ पेटायला तयार असते, आणि हवेत जेमतेम दीड टक्का वाफ पुरते. गटारात ही वाफ बंदिस्त होते आणि मैलोन्‌मैल फिरते. २२ एप्रिल १९९२ ला मेक्सिकोतल्या ग्वादलाहारा शहरात गळक्या पाइपलाइनमधलं पेट्रोल गटारात शिरलं होतं. काही किलोमीटर रस्ते उखडले गेले, दोनशेहून अधिक माणसं मेली. तुम्ही म्हणता तसा रस्ता मोकळा होतो खरा, पण धोका पुढच्या चौकातल्या लोकांच्या पायाखाली जातो. पहिलं काम गटाराची तोंडं झाकायची आणि वाळूचा बांध घालायचा. चार-पाच लिटर सांडलं असेल तर कोरडी वाळू पुरते. (भुसा नको, तो स्वतःच जळतो.)

मोठ्या सांडीवर फोम, आणि तो न पेटलेल्या पेट्रोलवरही. हिशेब सोपा आहे. एएफएफएफ फोमसाठी (पेट्रोलवर पातळ थर धरणारा फोम) चौरस मीटरला मिनिटाला ४.१ लिटर द्रावण, १५ मिनिटं. १०० चौरस मीटर सांडीला मिनिटाला ४१० लिटर, एकूण ६,१५० लिटर द्रावण. ३ टक्क्यांचं कॉम्पाउंड (पाण्यात मिसळायचं फोमचं मूळ द्रव) असेल तर त्यातलं साधारण १८५ लिटर. एवढं गाडीवर नसेल तर पेटलेल्या सांडीवर अर्धवट सुरुवात करू नका, पुरेसं येईपर्यंत थांबा. फोमची अर्धी चादर आग खाऊन टाकते. पेट्रोलमध्ये १० टक्क्यांहून जास्त इथेनॉल असेल तर साधा फोम विरतो, अल्कोहोलला टिकणारा घ्यावा लागतो. धार सरळ पेट्रोलमध्ये खुपसायची नाही. सांडीच्या अलीकडे जमिनीवर मारायची, तिथे फोमचा ढीग होतो आणि तो स्वतःहून घसरत पुढे जातो. एकदा चादर बसली की तिच्यातून चालायचं नाही आणि तिच्यावर साध्या पाण्याची धार मारायची नाही. दोन्हींनी ती फाटते.

नाकाबद्दल. गॅसला वास बाहेरून घातलेला असतो. जमिनीखालून झिरपत आलेल्या गॅसचा वास माती शोषून घेते, आणि नाक काही मिनिटांतच त्या वासाला सरावतं. वास आला तर गॅस आहे हे खरं. नाही आला म्हणून गॅस नाही, हे खोटं. मीटर वारा येतो त्या बाजूला, स्वच्छ हवेत सुरू करून शून्यावर आणायचा. होज अंथरल्या जातात तेवढ्या वेळात हे होतं, दहा मिनिटं वेगळी जात नाहीत.

तो कुठे धरायचा हेही महत्त्वाचं. बारा चौरस मीटरची खोली घ्या. जमिनीलगतच्या ३० सेंटीमीटर थरात एलपीजी दोन टक्के झाला की तो थर पेटू शकतो. त्याला ७२ लिटर गॅस लागतो, म्हणजे जेमतेम दीडशे ग्रॅम. छातीशी धरलेला मीटर तिथे शून्य दाखवेल. एलपीजीला आणि पेट्रोलला मीटर घोट्याशी, पाइपमधल्या नैसर्गिक गॅसला छताशीही. नळी लावली असेल तर नमुना पोचेपर्यंत थांबायचं. मिथेनवर कॅलिब्रेट केलेला मीटर पेट्रोलची वाफ प्रत्यक्षाहून बरीच कमी दाखवतो, हेही ध्यानात ठेवा.

आता तुमचा चौथा मुद्दा. नेहमीचा सेन्सर गॅस तापलेल्या मण्यावर जाळून मोजतो आणि त्याला ऑक्सिजन लागतो. गॅस फारच दाट असेल तर काटा झपकन वर जाऊन पुन्हा शून्याकडे येतो. तेव्हा खोली पेटत नाही, पण दार उघडून हवा आत गेली की ती पेटणाऱ्या मर्यादेत येते. म्हणून मीटरवरचा शेजारचा ऑक्सिजनचा आकडा वाचायचा. तो २०.९ टक्क्यांवरून एक टक्का उतरला, तर हवेची साधारण पाच टक्के जागा दुसऱ्या कशाने तरी घेतली आहे, आणि एलपीजीला दोन टक्केच पुरतात.

लेखातलं वाक्य आजच बदललं आहे. आता ते असं आहे: ‘काटा वर जाऊन शून्यावर आला असेल किंवा ऑक्सिजन २०.९ च्या खाली असेल, तर ते शून्य धरू नका; मागे या, वीज बाहेरून तोडा, खोलीतली हवा बाहेरूनच मोकळी करा आणि पुन्हा मोजा.’