चौदा वेळा वाचूनही

'टॉपरची सात सूत्रे' हा मेसेज घरच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला, मी गप्प बसलो. परवा ताईकडे गेलो तर त्याची प्रिंट काढून भाचीच्या टेबलासमोर चिकटवलेली! पोरगी बारावी सायन्सला, सीईटी आणि नीट दोन्ही देणार. आता मात्र बोलणं भाग आहे.

सगळ्यात घातक सूत्र तिसरं: 'शेवटचे दोन महिने टेस्ट पेपर सोडवू नका, कमी मार्क पाहून आत्मविश्वास जातो. त्याऐवजी प्रत्येक धडा सात वेळा वाचा.' भाचीने ते मनावर घेतलंय. केमिस्ट्रीच्या पुस्तकाची पानंच्या पानं हायलायटरने पिवळीधमक. मी पुस्तक मिटून विचारलं, लँथनॉइड कॉन्ट्रॅक्शन का होतं गं? म्हणाली, "मामा, पान डोळ्यासमोर दिसतंय. डाव्या बाजूला, खाली, तक्त्याच्या शेजारी." जागा पाठ, उत्तर गायब.

यावर रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा 2006 सालचा प्रयोग आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चार सत्रांत फक्त वाचायला दिला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि पुढच्या तिन्ही सत्रांत न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पहिल्या गटाची सरासरी 14 वाचनं झाली, दुसऱ्याची साडेतीनच्या आत. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने विचारलं तर वाचणारे 40 वर, लिहून काढणारे 61 वर. आणि गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाचणाऱ्यांनाच जास्त वाटत होतं. मेसेजमधला 'आत्मविश्वास' तो हाच.

प्रयोग कॉलेजच्या मुलांवर झाला, उतारे साधे होते, फिजिक्सची गणितं नव्हेत, हे मान्य. पण परीक्षा पाच मिनिटांनी नसते हे तर आपल्याकडेही खरंच ना? टेस्टमध्ये मार्क कमी पडले तर काय येत नाही ते आज कळलं. तेच मे महिन्यात कळून काय उपयोग?

'येत नाही तिथे सरळ सी लावा.' सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका, एवढं बरोबर. पण सी मध्ये कसली जादू? नीटला बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. डोळे मिटून चार प्रश्न ठोकले तर सरासरी एक बरोबर, तीन चूक, हाती एक मार्क. बी लावा नाहीतर डी, हिशोब तोच. दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळलं तर मात्र ठोकण्यात अर्थ आहे, आणि ते कळायला अभ्यासच लागतो.

'अकरावी विसरा.' अर्धसत्य. सीईटीत बारावीचा भार साधारण 80 टक्के, हे खरं. पण उरलेले 20 टक्के म्हणजे 200 पैकी 40 मार्क, ते कुणाला दान करायचेत? आणि नीटला तर अशी सवलतच नाही, अर्धा अभ्यासक्रम अकरावीचा.

'चार तास झोप पुरे, पहाटे तीनला उठा.' अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांची संघटना 13 ते 18 वयाला आठ ते दहा तास सांगते. आठ जमत नसतील तर सात घ्या, पण चार? ताई स्वतः रविवारी नऊला उठते.

उजव्या मेंदूचं आणि पिवळ्या शाईचं सूत्र वाचून सोडून द्या. राहता राहिले भिजवलेले बदाम. ते खा, त्याने कुणाचं वाईट झालेलं नाही. फक्त सोलायला पहाटे तीनला उठू नका.