शाळेत बंदी, घरच्या फोनवर मोकळं रान: त्या मेसेजचं काय चुकतं

जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडायच्या सुमारास शिक्षक-पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, सार मात्र हेच: “एआय म्हणजे कॉपीचं मशीन. खेड्यातल्या शाळेत ना नेट ना कॉम्प्युटर, हे शहरातलं खूळ. तरी शाळेत बंदी घाला, मुलं पुस्तकाकडे वळतील. कॉपी पकडायला फुकटचं ॲप आहे. पालकांची सही घेऊन ठेवा. आणि काही वावगं घडलंच तर मेसेज डिलीट करा, फोन काढून घ्या, गावात बोभाटा नको.”

लिहिणाऱ्याची कळकळ खरी असेल. पण हा सल्ला पाळणाऱ्या शाळेचं नुकसान होईल, आणि शेवटच्या वाक्याने तर एखाद्या मुलीचं आयुष्य नासेल.

“खेड्यात नेट नाही, हे शहरातलं खूळ”

शाळेत नसेल. घरात आहे, बापाच्या फोनमध्ये, आणि रात्री जेवणानंतर तो फोन पोरांच्याच हाती असतो. मेटा एआय २०२४ पासून भारतात व्हॉट्सॲपच्या आतच बसलंय. वेगळं ॲप घ्यावं लागत नाही. धारणी असो की एटापल्ली, टॉवरची रेंज पोचली की तेही पोचतं.

एका फोनवर अख्खं घर चालतं, म्हणून खेड्यातला धोका निराळा आहे. खातं बापाच्या नावाचं, जन्मसाल त्याचं. सहावीतलं पोरगं समोर बसलंय, पण ॲपच्या लेखी तो चाळिशीचा माणूस. किशोरवयीनांसाठी कंपन्यांनी ठेवलेली बंधनं तिथे लागूच होत नाहीत. त्याच फोनमध्ये यूपीआय आहे, बँकेचा ओटीपी येतो आणि गॅलरीत बहिणीचे फोटो आहेत.

शहरी सल्ल्यात हमखास येणारं फॅमिली लिंक, म्हणजे मुलाच्या फोनवर लक्ष ठेवायचं गूगलचं ॲप, इथे फारसं कामाचं नाही, कारण ते मुलाच्या स्वतंत्र खात्यावर चालतं. सामायिक फोनवर पालकसभेतच करून देता येतील अशा गोष्टी थोड्या आहेत. यूपीआय आणि गॅलरीला वेगळं लॉक लावायचं, त्याचा आकडा पोरांना ठाऊक नको. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी ठेवायची. यूट्यूबवर प्रतिबंधित मोड सुरू करायचा. फोन अँड्रॉइड ९ किंवा पुढचा असेल तर सेटिंगमध्ये नेटवर्कच्या भागात ‘प्रायव्हेट डीएनएस’ सापडतं. तिथे ‘family.cloudflare-dns.com’ हे नाव जसंच्या तसं टाकलं की अश्लील आणि व्हायरसवाल्या बहुतेक साइट उघडत नाहीत. पैसे लागत नाहीत. मात्र नावात एक अक्षर चुकलं की नेटच बंद पडतं आणि पालक वैतागून सगळंच काढून टाकतात. म्हणून तिथल्या तिथे एखादी साधी साइट उघडून पाहावी. ही चाळणी व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, टेलिग्रामच्या आत आलेलं काही अडवत नाही, हेही त्याच बैठकीत सांगावं. नाहीतर पालक निर्धास्त होतात.

“बंदी घातली की मुलं पुस्तकाकडे वळतील”

मुलं घरी जातात आणि तिथे विचारतात. बंदीने एवढंच होतं की हे यंत्र चुकतं, हे त्यांना सांगणारं कुणी उरत नाही.

एआय मुळात आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज बांधत वाक्य रचतं. त्याला शिकायला मिळालेला मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने थोडा, आणि वऱ्हाडी किंवा झाडीबोली तर चिमूटभर. पऱ्हाटी (कपाशी), डवरणी (कोळपणी) असले शब्द घालून प्रश्न विचारला की गाडी भलत्याच वाटेने जाऊ शकते. आणि चुकलेलं उत्तरही तितक्याच ठाम, सुबक भाषेत येतं.

यवतमाळ जिल्ह्याने २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेत माणसं गमावली आहेत. आता समजा, दहावीतलं पोरगं बापासाठी एआयला विचारतंय की बोंडअळीवर अमुक औषध पंपाला किती टाकायचं. उत्तर मिलिलिटरमध्ये येईल. पण एकाच घटकाची वेगवेगळ्या टक्केवारीची औषधं कृषी केंद्रात शेजारी-शेजारी ठेवलेली असतात आणि मात्रा टक्केवारीप्रमाणे बदलते. हातपंप की पॉवर पंप, यावरही हिशेब फिरतो. मात्रा बाटलीच्या लेबलावरून घ्यायची, एआयकडून नाही, हे पोराला वर्गात सांगितलं नाही तर कुठे सांगणार?

यासाठी संगणक कक्ष लागत नाही. शिक्षकाने आदल्या दिवशी स्वतःच्या फोनवर एक प्रश्न विचारावा, उदाहरणार्थ “१६ ऑगस्ट १९४२ ला चिमूरला काय घडलं?”, आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं फळ्यावर उतरवावं. वर्ध्याकडच्या शाळांनी त्याच दिवसाचं आष्टी घ्यावं. चार-चार मुलांचे गट करून प्रत्येक वाक्यापुढे तीनपैकी एक खूण करायला सांगावी: बरोबर, चूक, तपासता येत नाही. बहुतेक गट तिसरी खूण वापरायला कचरतात. तिथेच शिक्षकाने थांबावं आणि “हे कुठे पाहशील, कुणाला विचारशील?” असं विचारावं. एक तासिका पुरते.

मुलांनी खाती उघडायची गरज नाही, आणि उघडूही नयेत. चॅटजीपीटीची वयोमर्यादा १३ आहे, १८ च्या आत पालकांची परवानगी लागते. युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शिकेत वर्गातल्या वापरासाठी किमान १३ हेच वय सुचवलं आहे. म्हणजे प्राथमिक वर्गांत फोन शिक्षकाच्याच हाती.

“कॉपी पकडायला ॲप आहे”

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं साधन काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के पकडला गेला, आणि माणसांनी लिहिलेल्यातल्या ९ टक्क्यांवर खोटा ठपका बसला. जुलैमध्ये त्यांनी ते बंद केलं. ४० प्रामाणिक पोरांच्या वर्गात ९ टक्के म्हणजे तीन-चार पोरं नाहक चोर ठरतात. वर ते साधन इंग्रजीखेरीज वापरू नका, असं कंपनीच सांगत होती. सेमी-इंग्रजीवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. त्याच वर्षीच्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध अशा ॲप्सनी एआयचे ठरवले. सोपे शब्द, ठरावीक वाक्यरचना, एवढ्यावर त्यांचा संशय जागा होतो. आपल्या पोरांचं इंग्रजी तसंच असतं.

ॲपऐवजी गृहपाठ बदला. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ यावर निबंध मागितला तर तयार मालच मिळणार. त्याऐवजी जुलै ते ऑक्टोबर दर रविवारी जवळच्या विहिरीच्या काठापासून पाणी किती हात खाली आहे ते मोठ्या माणसासोबत दोरीला गाठ मारून मोजायला सांगा, तारखेसह तक्ता करायला लावा, आणि त्यावर दहा ओळी वर्गात, समोर बसून लिहून घ्या. संशय आलाच तर मुलाला जवळ बोलवून दोन मिनिटं विचारा: हा शब्द कुठून आणलास, हे वाक्य तुझ्या शब्दांत सांग. कुठल्याही ॲपपेक्षा हे लवकर कळतं.

“पालकांची सही घेऊन ठेवा”

सही घ्यावीच, पण कशावर? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ च्या आतलं प्रत्येक जण बालक आहे. कागदावर चार ओळी हव्यात: कोणतं साधन, कोणत्या वर्गात, टाइप कोण करणार, मुलाची कोणती माहिती त्यात कधीच जाणार नाही. पेरणी उरकल्यावर, आठवडी बाजाराचा दिवस टाळून, संध्याकाळी तो वाचून दाखवावा. मेळघाटात कोरकूत, गडचिरोलीत गोंडी-माडियात.

खरं तर सही आधी शिक्षकांकडून घ्यायला हवी. निकालाचे शेरे लिहून घ्यायला गुणपत्रक नावानिशी, आधार क्रमांकासह एआयमध्ये टाकणारे आपलेच सहकारी असतात. नावाऐवजी ‘विद्यार्थी १’ लिहिलं तरी काम होतं. स्नेहसंमेलनातले मुलींचे स्पष्ट फोटो नाव आणि गावासह उघड्या पेजवर टाकणं बंद करा. नग्न बनावट फोटो करायला चेहऱ्याचा एक फोटो पुरतो.

“मेसेज डिलीट करा, फोन काढून घ्या, बोभाटा नको”

समजा, असा फोटो दाखवून कुणी मुलीला धमकावतंय. मेसेज डिलीट केला की पुरावा गेला. फोन काढून घेतला की पुढच्या वेळी मूल सांगणार नाही. आणि बोभाट्याच्या भीतीवरच धमकी देणाऱ्याचा सगळा धंदा चालतो. “बाबांना कळलं तर शाळा बंद होईल, लग्न लावून देतील” हे मुलीच्या मनात आधीच असतं. धमकी देणाऱ्याला फक्त ते बोलून दाखवायचं असतं.

मुलीने सांगितलं की आपलं पहिलं वाक्य हेच असावं: “सांगितलंस, चांगलं केलंस. तुझी शाळा बंद होणार नाही.” मग धमकीच्या मजकुराचे आणि समोरच्याचा नंबर, प्रोफाइल, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा. आक्षेपार्ह फोटोचा स्क्रीनशॉट काढू नका आणि तो कुणालाही, मुख्याध्यापकांनाही, पाठवू नका. बालकाचं असं चित्र पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. फोन तसाच ठेवून पोलिसांनाच दाखवा. घाई मात्र करा, कारण व्हॉट्सॲपवर गायब होणारे मेसेज २४ तासांतही उडतात. पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते. ब्लॉक नंतर करा, आणि रिपोर्ट करताना चॅट काढून टाकण्याची खूण आलेली असेल तर ती काढा.

कळवणं ऐच्छिक नाही. पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं असतं, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘गावातच मिटवलं’ म्हणणारे मुख्याध्यापक आणि सरपंच दोघेही यात येतात. घटना कुठल्याही हद्दीतली असो, जवळच्या ठाण्याने शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायचा असतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर फोन. मुलांच्या मदतीसाठी १०९८. फोटो इतरत्र पसरू नये म्हणून ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. फोटो फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त अंकी ठसा कंपन्यांकडे जातो. एआयने बनवलेल्या फोटोलाही ती चालते, व्हॉट्सॲपवरच्या खासगी मेसेजला नाही.

मुलींच्या सुरक्षेसाठी शाळेत असणाऱ्या सखी सावित्री समितीतल्या एका बाईंचं नाव मुलींना तोंडपाठ असावं. आणि १०९८ हा नंबर मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावा. वऱ्हांड्यातल्या फलकापुढे सगळ्यांदेखत उभी राहून तो टिपून घेणारी मुलगी सापडत नाही.