मायनस अठरावरचा आदिमानव

पोट कमी करायचं म्हणून मी आजवर काय काय सोडलं! साखर सोडली, सकाळची पोई, म्हणजे आमचा कोंड्याचा पाव, सोडली, एकदा तर आठ दिवस भात सोडला. गोव्यात भात सोडलेल्या माणसाकडे लोक सुतकात असल्यासारखं बघतात. यंदा मे महिन्यात मात्र मी थेट चूलच सोडली.

भाचा पुण्याहून आला होता, त्याचे हे उद्योग. 'रॉ पॅलिओ' म्हणे. शेती सुरू होण्यापूर्वीचा माणूस खायचा तेच खायचं, आणि तेही न शिजवता. म्हणजे धान्य बाद, डाळी बाद, दूध बाद, वर मीठही बाद. उरलं काय? कच्चं मांस, कच्ची अंडी, कच्चे मासे आणि घरच्यांची बोलणी.

पहिल्या दिवशी बकऱ्याचं ताजं काळीज आणलं. कच्चं काळीज चावलं जात नाही हो, ते नुसतं लोळतं. बोटभर तुकडा या गालातून त्या गालात फिरत राहिला आणि मी या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत. शेवटी मांजरीचं नशीब उघडलं.

"मामा, तू फ्रोझन खा," भाचा म्हणाला. "गोठवलं की वास येत नाही." उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट गोठलेलं कच्चं मांस खातात, त्याला क्वाक म्हणतात. सायबेरियात गोठलेल्या माशाचे पातळ काप काढून खातात, ती स्त्रोगानिना. मुद्दा बिनतोड होता. फक्त त्यांच्याकडे हिवाळ्यात अंगणच फ्रीजर होतं, आणि माझ्याकडे होता म्हापशातला मे महिना, बसल्या जागी बनियन पिळून घ्यावं असा.

आमच्या डॉक्टरांना सहज विचारलं. ते आधी हसले, मग गंभीर झाले. मासा उणे २० अंशांवर ७ दिवस ठेवला तर त्यातले कृमी मरतात, पण जंतू थंडीनं मरत नाहीत, नुसते झोपतात, म्हणाले. आता घरचा फ्रीजर फार तर उणे १८, तोसुद्धा कागदावर. आमच्याकडे सोलकढीला बर्फ, पाहुण्यांना बर्फ, मुलांना काहीच नको असलं तरी दार उघडून उभं राहायला फ्रीज. जंतूंना झोप लागणार कशी?

तरी मी इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या, चार जाड तुकड्या गोठवल्या. सात दिवसांनी काढल्या तर सुरी चालेना. दगड नुसता. मग माझ्या नजरेला आदोळी पडली, आमची नारळ खवायची विळी. पाटावर पाय दुमडून बसलो आणि नारळाची कवड फिरवावी तशी तुकडी त्या दातेरी फुलावर फिरवली. काय सांगू! ताटात खवलेल्या नारळासारखा पांढराशुभ्र, भुसभुशीत कीस पडायला लागला. चिमूटभर जिभेवर ठेवला. पहिल्या क्षणाला कुल्फी. दुसऱ्या क्षणाला काहीच नाही. तिसऱ्या क्षणाला वितळला आणि थेट बाजारातली मासळीची रांग तोंडात उभी राहिली. ही युक्ती खाण्याची नव्हती, चव यायच्या आत गिळण्याची होती. म्हणून पाणी आणायला उठलो.

दिवस सोमवार होता. आदिमानवाला सोमवार नव्हता, आमच्या घराला आहे. आई मुगागाठीची, म्हणजे नारळाच्या वाटणातल्या मुगांच्या आमटीची, तयारी करत होती. तिला आदोळीशेजारी खवलेल्या खोबऱ्याचं ताट दिसलं. लेकानं न सांगता नारळ खवला म्हणून तिला भरून आलं असणार. धणे, मिरच्या घालून तिनं ते मिक्सरला लावलं.

मिक्सर थांबला. झाकण उघडलं. मग जी शांतता पसरली ती मी अजून विसरलेलो नाही.

"हे काय?"

"आई, इसवण."

"सोमवारी? आदोळीवर?"

"अगं, आदिमानव..."

"त्याला आई नव्हती का रे?"

बायको म्हणाली, "अहो, मिक्सरचं भांडं तुम्ही घासा." भाच्यानं त्या रात्रीच पुण्याची बस धरली.

दोन दिवसांनी वळवाचा पाऊस गडगडला आणि लाईट गेली. सकाळी फ्रीजर उघडला तर उरलेलं मांस गुलाबी पाण्यात पोहत होतं. मी नेमकं त्याच दिवशी वाचलं की इस्रायलमध्ये गेशेर बनोत याकोव या ठिकाणी माणसानं ७,८०,००० वर्षांपूर्वी मासे शिजवल्याच्या खुणा सापडल्या आहेत. म्हणजे आदिमानवालाही कच्चं आवडत नव्हतं तर! आमच्याच गोव्यात, सांगे तालुक्यातल्या उसगाळीमळला कुशावतीच्या काठावर पूर्वजांनी बैल, हरणं दगडात कोरून ठेवली आहेत. ती त्यांनी कशी खाल्ली ते कोरलेलं नाही, पण मला आता संशय नाही.

शुक्रवारच्या बाजारातून आईनं नवी आदोळी आणली. जुनी मागल्या दारी खुंटीला टांगली आहे, माझी म्हणून. परवा सोमवारी शेजारच्या काकू आल्या. त्यांची आदोळी मोडली होती, नारळ खवायचा होता. आईनं काही न बोलता माझ्याकडे पाहिलं.

मी धावत जाऊन नवी आणून दिली.