एक स्टार देणाऱ्या सरांना दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला, तुमच्या समुद्री माशांच्या टाकीतल्या ॲक्रोपोरा कोरलची टोकं पांढरी पडली, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. रात्री साडेअकराला तुमचा फोन मी उचलला नाही, त्याचीही माफी मागतो. सकाळी मी लावला तेव्हा तुम्ही उचलला नाहीत, पण ते जाऊ द्या.

तुम्ही लिहिलंय, ‘पहिल्या भेटीत फक्त पाणी तपासून गेले आणि ५०० रुपये घेतले. अर्ध्या तासाचं काम दोन आठवडे ओढलं. यांना कॅल्शियम रिॲक्टर सेट करताच येत नाही, केएच ११ च्या वर नेऊन ठेवला.’ (इतर वाचणाऱ्यांसाठी: कोरलला लागणारं कॅल्शियम आणि कार्बोनेट टाकीला पुरवणारं यंत्र म्हणजे कॅल्शियम रिॲक्टर, आणि पाण्यातल्या कार्बोनेटचं माप म्हणजे केएच, ते डीकेएचमध्ये मोजतात.) दुकान लहान आहे म्हणा, पार्किंग नाही म्हणा (नाहीच आहे, नागपुरात बर्डीवर कोणाकडे आहे?), ऐकून घेईन. पण ‘फक्त पाणी तपासून गेले’ हे फार लागलं हो.

रिॲक्टर बसवण्यातलं खरं काम तेच आहे, सर. नळकांड्यात अरागोनाइटची, म्हणजे चुनखडीसारखी खडी असते. आत सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅस सोडला की पाण्याचा पीएच ६.६ च्या आसपास उतरतो, खडी विरघळू लागते आणि कॅल्शियम, कार्बोनेट घेतलेलं ते पाणी थेंबाथेंबानं संपमध्ये, म्हणजे टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत पडतं. ठिबक किती ठेवायची हे कुठल्याच रिॲक्टरवर छापलेलं नसतं. तुमची कोरल रोज किती खातात त्यावर ते ठरतं. म्हणून तर मी पहिल्या दिवशी डोसिंग, म्हणजे वरून रसायनं घालणं, बंद करायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच किटनं पुन्हा मोजायला सांगितलं. केएच ८.९ चा ७.४ झाला. म्हणजे रोजचा खप १.५ डीकेएच. तो आकडा हातात नसताना नीडल (गॅस-ठिबक कमीजास्त करायचा व्हॉल्व्ह) फिरवणारे लोक नागपुरात आहेत, मी त्यातला नाही.

त्यानंतर भाजलेला खाण्याचा सोडा देऊन केएच आधी ८ वर आणला, कारण रिॲक्टर पातळी टिकवायला असतो, घसरलेली चढवायला नाही. मग हिशोब केला. तुमची टाकी ४०० लिटरची, खप १.५, दोन्ही गुणून रोज ६०० ची भरपाई हवी. रिॲक्टरमधून येणाऱ्या पाण्याचा केएच ३०, टाकीचा ८, म्हणजे दर लिटरमागे २२ जादा. ६०० भागिले २२, दिवसाला साधारण २७ लिटर, मिनिटाला १९ मिली. मोजपात्र आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन मी संपजवळ पालथी मांडून बसलो होतो ते ही १९ मिली जमवायला. वहिनींनी तेव्हा चहा दिला, त्यांना माझा नमस्कार सांगा.

आता दोन आठवड्यांचं. गॅस जरा वाढवला की आतला पीएच बसायला काही तास जातात, बाहेर येणाऱ्या पाण्याचा केएच दुसऱ्या दिवशी खरा कळतो आणि टाकीवरचा परिणाम त्याच्याही नंतर दिसतो. आपल्या कूलरसारखंच आहे, पंप लावल्या लावल्या गारवा येत नाही, आधी खस भिजावी लागते. शिवाय एका वेळी एकच गोष्ट हलवायची, एकतर गॅस नाहीतर ठिबक. दोन्ही एकदम हलवली तर कशानं काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. घाई करून आतला पीएच फार खाली नेला तर खडीचा चिखल होतो, मग सगळं उपसून धुवा.

पुढचं लिहावं की नाही, खूप विचार केला. पण अभिप्राय चारचौघांत आहे, म्हणून उत्तरही चारचौघांत देतो. १९ मिलीवर ८ चा ११ होत नाही, कारण तिथे येणं आणि खाणं सारखं असतं. तुमची तक्रार आल्यावर मी घरी येऊन मोजलं तेव्हा ठिबक ४० मिलीवर होती आणि गॅसचे बबल दुपटीनं सुटत होते. ४० मिली म्हणजे दिवसाला ५७ लिटरच्या वर. रोज ३ डीकेएचची भर, त्यातला दीड कोरलनं खाल्ला तरी दीड उरतो. दोन दिवसांत ११! नीडल व्हॉल्व्ह आपोआप फिरत नाही, सर. ‘व्हिडिओत तर एका दिवसात झालं होतं’ हे तुमचंच वाक्य. त्यात तुमच्या टाकीत नायट्रेट जवळपास शून्य. अशा टाकीत केएच चढला की ॲक्रोपोराची टोकं जळतात, म्हणून ८ च्या जवळच ठेवा असं मी बिलामागे लिहूनही दिलं होतं.

पहाटे पीएच ७.८ दिसतो, तेही तुम्ही लिहिलंय. रिॲक्टरमुळे थोडा उतरतोच, आणि मे महिन्यात एसी लावून खोली रात्रभर बंद असते, तिथे श्वासाचा कोंडलेला सीओटूही पाण्यात जातो. ७.८ नं काही मरत नाही. ५०० रुपये दर भेटीचे हे बसवण्याआधीच सांगितलेलं होतं.

नागपुरात समुद्री टाकी ठेवणारे लोक मोजके. अमरावती, चंद्रपूरकडून कोणी फोन करतो तो आधी स्टार बघूनच. एका स्टारनं काय होतं असं तुम्हाला वाटेल, आमच्या घरचा किराणा त्यावर चालतो.

फोनची काहीतरी सोय करतोय, आणि यापुढे कामाचे टप्पे आधी समजावून देत जाऊ.

रिॲक्टर एकदम बंद करू नका, केएच दिवसाला १ पेक्षा जास्त उतरायला नको. ठिबक ७ मिलीवर आणि बबल तिसऱ्या हिश्श्यावर आणून ठेवलेत, रोज एकाच वेळेला मोजा आणि आकडा मला पाठवा. रविवारी दुकान उघडायच्या आधी, नऊच्या सुमारास येऊ का? त्या भेटीचे पैसे नाहीत. तोवर नीडलला हात लावू नका, घरात कोणाला लावूही देऊ नका.